पाण्याविना पंगत

गिळणे ही निरोगी माणसाच्या लेखी क्रियाच नसते. घास तोंडात जातो, चावला जातो, आणि पुढे त्याचे काय होते हे जाणून घेण्याची गरज सहसा कुणाला पडत नाही. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्से गावच्या दत्ताराम यांना मात्र गेले वर्षभर दुसऱ्या एका माणसाचे गिळणे रोज, प्रत्येक घासागणिक, डोळ्यांनी पाहावे लागत होते. त्यांची थोरली बहीण कमलाक्षी, घरातल्या सगळ्यांची आका, खिडकीजवळच्या हातांच्या लाकडी कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, ताठ बसवलेली असे. पाठीशी उशी, पावले जमिनीला टेकलेली. दत्ताराम तिच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसत, कारण घास खालून आला की खाणाऱ्याची नजर खाली वळते आणि नजरेबरोबर हनुवटीही. लहान चमचा अर्धाच भरायचा, जिभेच्या मध्यावर टेकवायचा, सरळ बाहेर काढायचा. मग थांबायचे आणि गळ्याकडे पाहायचे. सुरकुतलेल्या कातडीखाली कंठ वर सरकून खाली आला, तर घास गेला. तो हलला नाही, तर पुढचा घास नाही.

कमलाक्षीचा स्मृतिभ्रंश शेवटच्या टप्प्यात होता. ऐंशीच्या आसपासची ही बाई आता कुणाला नावाने ओळखत नसे, बोलणे जवळजवळ थांबले होते, आणि तोंडात घेतलेला घास गिळायचा असतो याचाही तिला मधूनच विसर पडे. तो गालात साठून राही, आणि केव्हातरी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेकडे उतरे. त्यातून तिला दोनदा न्युमोनिया झाला होता. दुसऱ्या खेपेला इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितले, की पुन्हा असे झाले तर तोंडाने भरवणे बंद करून नाकातून नळी घालण्याचा विचार करावा लागेल.

नळी या शब्दाने दत्ताराम यांच्यासमोर एकच चित्र उभे राही. त्या मुक्कामात कमलाक्षी सलाइनची सुई पुन्हा पुन्हा उपसून काढत असे, म्हणून तिची दोन्ही मनगटे पट्टीने पलंगाच्या कडेला बांधली होती. बांधणाऱ्यांचा त्यात काही दोष नव्हता; वॉर्डात माणसे कमी आणि रोगी पुष्कळ. पण घरी आल्यावरही कितीतरी दिवस ती दोन्ही हात अंगाशी आवळून, जणू अजून बांधलेलीच असल्यासारखी बसे. नाकात नळी आली असती तर तीही तिने उपसली असती, आणि मग हात पुन्हा बांधावे लागले असते, या वेळी कायमचे. दत्ताराम यांनी मनाशी ठरवले होते, की तिसरा न्युमोनिया होऊ द्यायचा नाही. त्यांच्या सगळ्या धडपडीचा अर्थ एवढाच होता.

गिळण्याच्या तक्रारी पाहणाऱ्या तज्ज्ञ तनया यांनी त्यांना हे भरवणे शिकवले होते. पेज देऊ नका, असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले, तेव्हा दत्ताराम यांची पत्नी हर्षा चकित झाली. आजाऱ्याला पेज नाही तर काय द्यायचे? तनया यांनी समजावले, की पेजेत पातळ निवळ आणि शिते एकाच घासात येतात. शिते तोंडात घोळत असताना निवळ पुढे निसटते आणि चुकीच्या वाटेने जाते. तेव्हापासून भात तोयेबरोबर, म्हणजे आपल्या साध्या वरणाबरोबर, मिक्सरमधून काढून चमच्यावर थरथरणारही नाही इतका घट्ट केला जाई. पाण्यातही दाट करण्याची पूड मिसळली जाई आणि ते चमच्याने दिले जाई. चहात बुडवलेला पाव, जो कमलाक्षीचा जन्माचा नाश्ता, तोही बंद झाला. नळीबद्दल विचारले तेव्हा तनया यांनी काही लपवले नाही. नळीने अन्न पोटात जाते, पण तोंडातली लाळ आणि पोटातून उलट वर येणारे अन्न फुप्फुसात उतरायचे थांबत नाही. म्हणून या अवस्थेत नळी म्हणजे संरक्षण, असे समजू नका. शक्य तोवर हातानेच भरवा, आणि त्यातला धोका मान्य करून भरवा.

धोका मान्य करणे दत्ताराम यांच्या स्वभावात नव्हते. नोकरीची सगळी वर्षे त्यांनी मुरगाव बंदरात बोटीत खनिज भरणाऱ्या सरकत्या पट्ट्यांवर काढली होती. एका बाजूला माल जास्त पडला तर बोट कलते, हे तिथले पहिले ज्ञान. त्यांचा धाकटा चुलतभाऊ गोकुळदास साखळी गावात भुसारी दुकान चालवी. एके दिवशी तो भेटीला आला, दारात उभा राहून हे भरवणे बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, तू मुरगावांत बोटी भरल्यो, आतां आकाक भरता. पूण बोटीक ठसको लागना."

ठसका लागत होता, हीच अडचण होती. सगळे नियम पाळूनही कमलाक्षीला दुपारच्या जेवणात अधूनमधून खोकला येई. सकाळी हर्षा भरवत असे तेव्हा तो येत नसे; दुपारी दत्ताराम भरवत तेव्हाच येई. दत्ताराम यांना स्वतःच्या हाताबद्दल शंका नव्हती, तेव्हा त्यांनी ती पत्नीच्या हाताकडे वळवली. सकाळचे काहीतरी गालात राहून जात असणार, तोंड नीट तपासले जात नसणार, असे त्यांनी एकदा सुचवले आणि मग वरचेवर सुचवू लागले. त्या दिवसांत नवराबायकोचे संभाषण चमचे, वाट्या आणि मिक्सर एवढ्यापुरतेच उरले होते.

याचा उलगडा होण्यासाठी कमलाक्षीच्या घरातली शिस्त माहीत असायला हवी. आई गेली तेव्हा दत्ताराम लहान होते. कमलाक्षी अकाली वैधव्य येऊन माहेरी परतली होती, आणि तिने हे घर हातात घेतले ते आजारी पडेपर्यंत सोडले नाही. गोकुळदासची आई काजूच्या बागायतीत राबे, त्यामुळे तोही हिच्याच हाताखाली वाढला. तिच्या घरात पुष्कळ नियम होते, पण त्यांतला सर्वांत कडक पाण्याचा होता. भांड्याला ओठ लावायचा नाही. तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार थेट घशात सोडायची. ओठ लागला तर ते भांडे उष्टे, आणि लावणाऱ्याच्या डोक्यात टपली. "तोंड लावन पिता, गोरूं काय रे तू?" हे वाक्य या घरातल्या प्रत्येक मुलाने ऐकलेले होते. पेडण्याहून आलेली नवी सून हर्षा हिने पहिल्या आठवड्यात पाण्याची धार नाकातोंडात घेऊन लुगडी भिजवली होती. बंदरावर सगळ्या जातीधर्मांचे कामगार एकाच बाटलीतून पाणी पीत. दत्ताराम तीच बाटली वीतभर वर धरून पीत आणि चेष्टा सोसत. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती, की तिची त्यांना जाणीवही नव्हती.

त्यांना मधुमेह होता आणि घशाला सतत कोरड पडे. भरवणे लांबे, म्हणून पाण्याचा तांब्या ते स्टुलाजवळ ठेवत आणि दोन घासांच्या मध्ये तो उचलून वरून घोटभर पीत. त्या क्षणी त्यांची मान मागे आणि नजर छताकडे असे. म्हणजे कमलाक्षीकडे त्यांचे लक्ष नसण्याचा तो एकच क्षण होता.

एका दुपारी हर्षाने स्वयंपाकघराच्या दारातून तो पाहिला. तिने हातातले काम खाली ठेवले आणि जवळ येऊन हळूच सांगितले, "तुमी तांब्यो वर केलो की आका मान वर करता. आतांच बगलें मी."

दत्ताराम यांना ते खरे वाटेना. हर्षा म्हणाली, "परत करून बगा. पूण तिच्या तोंडांत घास नासताना."

तोंड रिकामे असल्याची खात्री करून घेऊन त्यांनी तांब्या उचलला, पण या वेळी प्यायले नाहीत; नजर कमलाक्षीवरच ठेवली. तांब्या वर जाताच तिची हनुवटी उचलली गेली, मान मागे गेली आणि तोंड उघडले. पाण्याची वाट पाहत ती तशीच राहिली. मान मागे टाकली की श्वासनलिकेचे दार उघडे पडते, हे तनया यांनी चित्र काढून दाखवले होते. गालात साठलेले सगळे त्या दारातून खाली जात होते, आणि त्याला कारण भरवणाऱ्याची तहान होती. मनातून सगळे पुसले गेले होते, पण तिने स्वतः घालून दिलेली शिस्त तिच्या मानेत शाबूत होती.

दत्ताराम यांनी हर्षाची क्षमा मागितली नाही. या घरात पुरुषांची तशी रीत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून दुपारची खरकटी भांडी ते स्वतः घासू लागले, आणि हर्षाने त्यातून जे समजायचे ते समजून घेतले.

त्यानंतर त्यांनी एक प्रयोग केला. बहीण पाहून अनुकरण करते, तर तिला हनुवटी खाली ठेवून पिणे दाखवावे. त्यांनी पेला ओठाला लावला आणि खाली वाकून प्यायले. कमलाक्षीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने ओठ घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे फिरवले आणि त्या दिवशी भावाच्या हातचा एकही घास घेतला नाही. रात्री हर्षाने भरवले तेव्हा ती जेवली. तो प्रयोग तिथेच संपला. दत्ताराम आता कोरड्या घशाने भरवू लागले, दुपारचा खोकला थांबला, आणि श्रावण निर्धास्त गेला.

मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली. गोव्यात चवथीला कुळातली सगळी माणसे मूळ घरी जमतात. देव बसतो, त्याच्यावर फळाफुलांची माटोळी बांधली जाते, आणि दुपारी एकत्र पंगत होते. गोकुळदासने आदल्या दिवशीच विषय काढला होता. त्याचे म्हणणे असे, की दादा आणि वयनी या भरवण्यात खंगत चालली आहेत. नळी घातली तर पोटही भरेल आणि घरही सुटेल. सगळे नातेवाईक जमलेलेच आहेत, तेव्हा पंगतीनंतर बसून काय ते ठरवू. इतरांनी माना डोलावल्या. तनया यांनी सांगितलेले दत्ताराम यांनी पुन्हा सांगून पाहिले, पण साखळीच्या ओळखीच्या दोघातिघांना नळीने बरे वाटल्याचे गोकुळदासला माहीत होते, आणि ऐकणाऱ्यांना ते जास्त पटले. दत्ताराम यांच्या लक्षात आले, की उद्या कमलाक्षी सगळ्यांसमोर जेवेल आणि त्या जेवणावरच तिचा निकाल लागेल.

तिला पंगतीत बसवूच नये, असे एकदा त्यांच्या मनात आले. भरवताना शांतता हवी, माणसे कमी हवीत, असे तनया यांचे सांगणे होते. पण आका पंगतीला नसेल तर चवथ कसली, असे सगळ्यांचेच म्हणणे पडले. तिला मागच्या खोलीत ठेवले असते, तर ती सांभाळण्यापलीकडे गेल्याची कबुलीच दिल्यासारखे झाले असते. म्हणून त्यांनी एक अट घातली. आकाचे जेवण होईपर्यंत पंगतीत कुणी पाणी प्यायचे नाही.

तांबे आणि पेले पानांच्या उजवीकडे मांडलेले होते. मिसळ भाज्यांचे खतखतें तिखट होते आणि भाद्रपदातल्या उघडिपीने घामाच्या धारा लागल्या होत्या. गोकुळदास पानावर बसता बसता म्हणाला, "पाण्याविणें पंगत. देवाक तरी पाणी दाखोवंक दितलो मरे दादा?"

"देव मान वर करिना, भावजी," हर्षाने वाढता वाढता उत्तर दिले. काही जण हसले.

कमलाक्षीची कदेल पंगतीच्या टोकाला होती आणि तिच्या पायाशी पहिले पान गोकुळदासचे होते. बाकी सगळे जमिनीवर बसल्यामुळे तिची नजर आपोआप खालीच होती. दत्ताराम स्टुलावर बसले. पहिला घास घट्ट केलेल्या भाताचा. कंठ वर गेला, खाली आला. दुसराही गेला. बाहेर कुठल्यातरी घरी फटाके वाजले, तशी ती दचकली; तिचे दचकणे ओसरेपर्यंत चमचा वाटीतच राहिला. बोलणे हळूहळू थांबले. आधी चुळबुळ करणारी माणसे आता नकळत तिच्या गळ्याकडे पाहू लागली होती, आणि एकेका घासाला सगळी पंगत थबकत होती. इतकी माणसे एका म्हातारीच्या गिळण्याकडे डोळे लावून बसलेली, आणि प्रत्येकाच्या हाताशी पाणी असून कुणी त्याला शिवत नव्हते.

शेवटी मणगणें उरले. हरभऱ्याची डाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची ही खीर हर्षाने तिच्यासाठी वेगळी वाटून, गाळून, आटवून ठेवली होती. गोड लागताच कमलाक्षीने स्वतःहून तोंड उघडले. दत्ताराम यांनी अर्धा चमचा जिभेवर टेकवला आणि ते थांबले. कंठ हलला नाही. घास तोंडातच होता.

नेमक्या त्याच वेळी गोकुळदासला तिखटाचा ठसका लागला. त्याने तो दाबून पाहिला, तोंडावर पंचा धरला, पण चेहरा लाल झाला आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागले. त्याचा हात तांब्याकडे गेला. तांब्या पानाजवळून उचलला गेला, आणि कमलाक्षीची नजर त्याच्याबरोबर वर सरकू लागली. हनुवटीही हलली.

"थांब," दत्ताराम म्हणाले.

गोकुळदास थांबला. उठून अंगणात जावे, तर थोरले माणूस जेवत असताना पंगतीतून उठणे म्हणजे पानाचा आणि देवाचाही अपमान. तांब्या वर करावा, तर वरती आकाचे तोंड उघडणार. आणि काहीच न करावे, तर श्वास पुरत नव्हता. दत्ताराम हे सगळे कानांनी ऐकत होते. त्यांची नजर गळ्यावरून हलली नव्हती, आणि तो गळा अजून तसाच होता. तिला ठसका लागला असता, तर नळीची बाजू मांडायला गोकुळदासला तोंड उघडावेही लागले नसते. हे त्यालाही कळत असणार.

त्याने तांब्या खाली आणला, पानावर ओणवा झाला, हनुवटी छातीला टेकवली आणि सगळ्या कुळासमोर, देवासमोर, भांड्याला ओठ लावून प्यायला.

कमलाक्षी त्याच्याकडे पाहत राहिली. कपाळावर त्याच आठ्या आल्या आणि ओठ घट्ट मिटले गेले. आता ती घास थुंकेल, असे दत्ताराम यांना वाटले. त्यांनी रुमाल पुढे केला. पण मान तिने खाली, पाणी पिणाऱ्याच्या डोक्याकडे वळवली होती, आणि त्या मिटल्या ओठांनी तिने गिळले. कंठ वर गेला आणि खाली आला. दत्ताराम यांनी तिच्या हनुवटीला बोट लावून तोंड उघडवले. जीभ स्वच्छ, दोन्ही गाल रिकामे.

मग तिचा उजवा हात कदेलीच्या दांडीवरून उचलला गेला. बरेच दिवस तो हात स्वतःहून कशालाच गेला नव्हता. तो थरथरत खाली आला आणि गोकुळदासच्या टाळूवर आपटला. जोर नव्हता, पण नेम चुकला नाही.

"लागलें गो आका," गोकुळदास म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

आकाचे झाले, असे दत्ताराम यांनी सांगितले, तेव्हा पंगतीत पेले उचलले गेले. तेही, मुलांसकट, प्रत्येकाने तिच्याकडे पाठ फिरवून.

पंगतीनंतर ठरल्याप्रमाणे सगळे माटोळीखाली बसले. एका वयस्क नातेवाइकाने नळीचे काय, असे विचारले, तेव्हा उत्तर दत्ताराम यांनी दिले नाही. गोकुळदासने विचारले, की नळी घातल्यावर हात बांधतात हे खरे का. उपसून काढणाऱ्यांचे बहुधा बांधतात, दत्ताराम म्हणाले. गोकुळदासने एकदा टाळूवरून हात फिरवला.

"हे हात बांदूंक मी दिवचो ना," तो म्हणाला.

त्यावर दत्ताराम यांनी जे सांगायला हवे होते ते सांगितले. नळी नाही म्हणजे तिसरा न्युमोनिया कधीतरी येऊ शकतो, बहुधा येईलच, आणि तेव्हा कुणी कुणाला दोष द्यायचा नाही. तनया यांनी हेच त्यांना वर्षापूर्वी सांगितले होते, पण स्वतःच्या तोंडून ते पहिल्यांदाच बाहेर पडत होते. बसलेल्यांनी ते ऐकून घेतले.

पुढचे काही दिवस हर्षा कमलाक्षीचे अंग हाताने चाचपत होती, श्वासाला कान लावत होती. ताप आला नाही. रविवारी दुकान बंद ठेवून गोकुळदास आला आणि दुपारचे मी भरवतो म्हणाला. दत्ताराम यांनी त्याला बुटक्या स्टुलावर बसवले, चमचा किती भरायचा ते दाखवले आणि स्वतः दाराशी जाऊन उभे राहिले. गोकुळदासने घास दिला. चमचा हवेत तसाच धरून तो तिच्या गळ्याकडे पाहू लागला. कंठ हलत नव्हता. त्याने मागे वळून दत्ताराम यांच्याकडे पाहिले. त्यांनी मानेनेच खुणावले, की माझ्याकडे बघू नको, तिच्याकडे बघ.